दूध एक, भांडी अनेक

पहाटेचे पाच वाजले आहेत. पुण्यातील एखाद्या पेठेच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा राहतो. प्लॅस्टिकचे क्रेट धडाधड खाली उतरतात. प्रत्येक क्रेटमध्ये पांढऱ्या, फुगीर, गारेगार पिशव्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून ही दुधाची पिशवी गल्लीबोळांतून आणि जिन्यांवरून आपल्या दाराशी पोहोचते. तुम्ही शाळेला जायला उठता तेव्हा तिच्यातील दूध पातेल्यात पडलेले असते आणि रिकामी पिशवी मोरीच्या कट्ट्यावर लोळत असते.

दूध म्हटले की ते पिशवीतूनच यायचे, असे पुण्यातील मुलांना वाटले तर नवल नाही. पण आजी-आजोबांना विचारून पाहा. कोणी रतीब घालणाऱ्या गवळ्याची कासंडी आणि माप आठवेल. मुंबईत बालपण गेलेले कोणी आरेच्या काचेच्या बाटल्यांची गोष्ट सांगेल. दिल्लीस राहून आलेला पाहुणा म्हणेल, "आम्ही यंत्रात बिल्ला टाकून किटलीत दूध घेत असू." फ्रान्समध्ये शिकायला गेलेली आतेबहीण सांगेल की तिकडे दुधाचे खोके फ्रीजबाहेर, साबण आणि बिस्किटांसारखे फडताळात ठेवलेले असतात!

दूध तेच, मग गावोगावी त्याची भांडी निराळी का? हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे का? नाही. प्रत्येक भांड्यामागे तीन साध्या प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत. दूध पिण्यापूर्वी किती वेळ जाणार आहे? घरी आल्यावर त्याचे काय करणार आहेत? आणि रिकामे भांडे परत कोण नेणार? हे तीन प्रश्न ध्यानात ठेवा. त्यांच्या आधाराने आपण दुधाच्या भांड्यांची थोडी ओळख करून घेऊ.

दुधाचे घड्याळ

दूध हे आपल्याप्रमाणेच जीवाणूंचेही पूर्णान्न आहे. दूध काढताना कासेवरून, हातांवरून, भांड्यांतून आणि हवेतून काही जीवाणू त्यात शिरतातच. उबदार दुधात त्यांची वाढ झपाट्याने होते. एका जीवाणूचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ.

हिशेब करून पाहू. समजा, एका मिलिलिटर दुधात सुरुवातीला १,००० जीवाणू आहेत आणि दर अर्ध्या तासाने ते दुप्पट होतात. सहा तासांत अशा १२ दुपटी होतील. दोनाचा बारावा घात म्हणजे ४,०९६. म्हणजे पहाटे पाच वाजता ज्या थेंबभर दुधात हजार जीवाणू होते, त्यात सकाळी अकरा वाजता सुमारे ४१ लाख झालेले असतील! हे जीवाणू दुधातील लॅक्टोज या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की दूध तापवताना त्यातील केसीन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि आई म्हणते, "दूध नासलं."

हे घड्याळ मंद करण्याचे मुख्य उपाय दोन. पहिला म्हणजे थंडी. चार अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक जीवाणूंची वाढ फारच सावकाश होते. दुसरा म्हणजे उष्णता. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले की रोगजंतू मरतात आणि इतर जीवाणूंची संख्याही पुष्कळ घटते. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून या क्रियेला पाश्चरीकरण म्हणतात. पण लक्षात घ्या, पाश्चरीकरणाने सर्वच जीवाणू मरत नाहीत. घड्याळ थांबत नाही, फक्त त्याचा काटा मागे सरकतो.

जिथे भांडेच लागत नाही

घड्याळाला हरवण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्याला धावायला वेळच द्यायचा नाही! कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूध कट्टा प्रसिद्ध आहे. तेथे म्हशी रस्त्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दूध काढतात आणि फेसाळलेला पेला लगेच तोंडाला लावतात. हे धारोष्ण दूध. तालमींच्या या गावात पैलवानांनी ही चाल जोपासली. येथे वाहतूक नाही आणि साठवणही नाही, म्हणून पिशवी किंवा बाटलीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र एक धोका उरतो. जनावर आजारी असेल तर क्षयरोग किंवा ब्रुसेलोसिस यांसारख्या रोगांचे जंतू न तापवलेल्या दुधातून माणसात येऊ शकतात. ताजे दूध म्हणजे निर्धोक दूध, असे म्हणता येत नाही.

गोठा दोन-चार मैलांवर असला की दुसरी पायरी येते. पितळी कासंडी किंवा ॲल्युमिनियमची बरणी घेऊन गवळी दारोदार रतीब घालतो आणि गिऱ्हाईक आपले पातेले पुढे करते. येथे गवळ्याचे भांडे त्याच्याबरोबरच परत जाते. पुण्यात ही पद्धत अजून पुसली गेलेली नाही. गणेश पेठेतील दूध भट्टी हा सुट्या दुधाचा घाऊक बाजार आहे. तेथे दुधाचा लिलाव होतो आणि कोजागरी पौर्णिमेला मसाला दुधाची मागणी वाढली की भावही चढतो.

सुट्या दुधाची अडचण अशी की ते मुके असते. त्यात स्निग्धांश किती, पाणी किती, ते कधी काढले, हे काहीच ते सांगत नाही. गवळी आणि गिऱ्हाईक यांच्यातील विश्वास, एवढेच त्याचे लेबल!

बाटलीचा परतीचा प्रवास

शहर वाढले की गोठे दूर जातात. मुंबईत एके काळी वस्तीच्या मधोमध म्हशींचे तबेले होते. शेण, माश्या आणि दुर्गंधी यांनी आरोग्याचा मोठा प्रश्न निर्माण झाला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत सुरू झाली आणि शहरातील हजारो म्हशी तेथे हलवण्यात आल्या. पुढे १९६३ मध्ये खुरोडी यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरेचे दूध पाश्चरीकरण करून काचेच्या बाटल्यांत भरले जाई आणि बाटलीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे टोपण असे. गिऱ्हाईक दुधाचे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर जाई आणि भरलेल्या बाटल्या घेऊन येई. काच दुधाला कसलाही वास लावत नाही, आतला माल दिसतो आणि बाटली पुन्हा पुन्हा वापरता येते. मग बाटली गेली का?

गणित पाहा. अर्धा लिटर दुधाचे वजन सुमारे ५१५ ग्रॅम. जुनी, जाड काचेची बाटली जवळजवळ तेवढीच जड असे. म्हणजे दुधाच्या गाडीतील निम्मा भार काचेचाच! ही काच परत न्यायची, कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्याने धुवायची, तडे तपासायचे आणि पुन्हा भरायची. काही बाटल्या फुटायच्या, तर काही तेलासाठी घरातच राहायच्या. शिवाय काचेतून प्रकाश आत जातो. उन्हात ठेवलेल्या बाटलीतील रायबोफ्लेविन, म्हणजे 'ब-२' जीवनसत्त्व नष्ट होऊ लागते आणि दुधाची चव बिघडते.

बाटलीसाठी गाव जवळ हवे, गिऱ्हाईक शिस्तीचे हवे आणि पाणी मुबलक हवे. ही तिन्ही जुळली तर बाटलीसारखे भांडे नाही.

बिल्ला टाका, दूध घ्या

दिल्लीने निराळीच वाट काढली. दुग्धविकासाच्या 'ऑपरेशन फ्लड' या कार्यक्रमाखाली १९७४ मध्ये तेथे मदर डेअरी सुरू झाली. उष्णतारोधक टाकी असलेल्या गाड्या केंद्रांवर थंड दूध ओतून जात. गिऱ्हाईक यंत्रात बिल्ला टाकी आणि आपली किटली नळाखाली धरी, की ठरावीक दूध आपोआप खाली येई. यात बाटली नाही, पिशवी नाही आणि कचराही नाही. मात्र प्रत्येक केंद्रावर दूध थंड ठेवणारी यंत्रणा लागते आणि गिऱ्हाइकाला किटली घेऊन रांगेत उभे राहावे लागते.

पिशवीची किमया

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. पुण्याचे दूध कुठून येते? पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली कात्रज डेअरी, १९६० मध्ये स्थापन झाला. तो जिल्ह्यातील गावोगावचे दूध गोळा करतो. सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सुरू केलेल्या डेअरीचे दूध कृष्णाकाठाहून येते. कोल्हापूर जिल्हा संघाचे 'गोकुळ' १९६३ पासूनचे, तेही पुण्यात विकले जाते. म्हणजे आपल्या चहातील दूध कधी शेजारच्या तालुक्यातले असते, तर कधी दोनशेहून अधिक किलोमीटर दूरचे.

एवढ्या लांबच्या दुधाला हलके, स्वस्त आणि परत न न्यावे लागणारे भांडे हवे होते. ते पॉलिएथिलीनने दिले. हा पदार्थ १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये, दुसराच एक प्रयोग चालू असताना, अवचित हाती लागला. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांनी तो बनलेला असतो. उष्णता दिली की या साखळ्या सैल होतात. दोन पापुद्रे तापवून एकमेकांवर दाबले की एका पापुद्र्यातील साखळ्या दुसऱ्यातील साखळ्यांत गुंततात आणि थंड झाल्यावर दोहोंचा एकच पापुद्रा होतो. गोंद नको, दोरा नको.

डेअरीतील यंत्र याच गुणाचा उपयोग करते. छापील पापुद्र्याची गुंडाळी वरून उलगडत येते. एका गळपट्टीवरून वळताना तिची नळी होते आणि उभी कड जोडली जाते. तापलेला जबडा नळीचे तळ बंद करतो. वरून मोजून दूध पडते. जबडा पुन्हा मिटतो. या एकाच दाबात भरलेल्या पिशवीचे तोंड आणि पुढच्या पिशवीचे तळ बंद होते आणि दोन्ही पिशव्या वेगळ्या होतात. पापुद्र्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य मिसळलेले असते. ते प्रकाश अडवते.

या पिशवीचे वजन किती? पापुद्रा ३२ सें.मी. रुंद, १७ सें.मी. लांब आणि ५० मायक्रॉन, म्हणजे ०.००५ सें.मी. जाड धरू. घनफळ आले २.७२ घन सें.मी. पॉलिएथिलीनची घनता ०.९२ धरली तर वजन झाले केवळ अडीच ग्रॅम! अर्धा किलो दूध अडीच ग्रॅमचे भांडे सांभाळते. हजार लिटर दुधासाठी बाटल्यांचा भार जवळजवळ टनभर झाला असता. पिशव्यांचा होतो पाच किलो.

शिवाय पिशवी मुकी नाही. तिच्यावर तारीख असते, दुधाचा प्रकार असतो. टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ, तर फुल क्रीम दुधात ६ आणि ९ टक्के असावे लागतात. आज सकाळची पिशवी हातात घेऊन हे आकडे शोधा.

पिशवीचे झाकण कुठे आहे?

पण एक प्रश्न उरतोच. या पिशवीला झाकण नाही. एकदा कापली की ती बंद करता येत नाही. आपल्याला ही उणीव कधी का जाणवत नाही?

कारण आपले झाकण स्वयंपाकघरात आहे. आपण पिशवी फोडतो ती पातेल्यावरच आणि सगळे दूध तापवतो. डेअरीत एकदा पाश्चरीकरण झालेले असले तरी पहाटे रस्त्यावर उतरल्यापासून पातेल्यात पडेपर्यंत पिशवी किती तापली हे कोणाला ठाऊक? तेव्हा तापवणे हा शहाणपणाच आहे. शिवाय साय धरते, तिचे विरजण, लोणी आणि तूप होते. म्हणजे पुण्यातील पिशवीला फक्त एका सकाळचे आयुष्य पुरते. बाकीचे काम पातेले करते.

इतरत्र काय होते? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आपल्यासारख्याच पिशव्या आहेत. चार लिटर दूध तीन पिशव्यांत भरून एका मोठ्या पिशवीत विकतात. तेथे ही पद्धत १९६७ मध्ये आली. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्या देशाने गॅलन सोडून लिटर स्वीकारला, तेव्हा बाटल्यांचे आणि खोक्यांचे साचे बदलण्यापेक्षा पिशवीची लांबी बदलणे फार सोपे ठरले. मात्र तेथे दूध न तापवता थंडच पितात. म्हणून पिशवी एका उभ्या मगात ठेवतात, तिचा कोपरा कापतात आणि मगासह फ्रीजमध्ये ठेवतात. त्याच देशाच्या पश्चिम भागात मात्र पिशवीऐवजी खोके आणि प्लॅस्टिकचे बुधले चालतात. एकाच देशात दोन चाली!

फ्रान्समधील ते खोके आठवतात ना? त्यांतील दूध १३५ अंशांहून अधिक तापमानावर दोन-चार सेकंद तापवलेले असते. नंतर ते निर्जंतुक खोक्यात हवाबंद करतात. कागद, पॉलिएथिलीन आणि ॲल्युमिनियम यांच्या थरांचा हा खोका स्वीडनमधील रूबेन राउसिंग यांच्या टेट्रा पाक कंपनीने प्रचारात आणला. न उघडता ते दूध फ्रीजशिवाय कित्येक महिने टिकते. येथे घड्याळच जवळजवळ थांबवले आहे. पण एकमेकांना चिकटलेले हे थर पुढे वेगळे करणे कष्टाचे असते.

रिकाम्या पिशवीचे काय?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. बाटलीला घर होते आणि किटली आपल्याच हाती होती. पिशवीला मात्र परतीचा रस्ता कोणी आखून दिलेला नव्हता.

रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात दिवसाला दोन पिशव्या, वर्षाला ७३० पिशव्या, म्हणजे सुमारे १ किलो ८०० ग्रॅम पॉलिएथिलीन जमते. ही वाईट वस्तू नाही. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या पिशव्या भंगारात विकल्या जातात आणि वितळवून त्यांच्या नळ्या किंवा जाड कापड होते. पुण्यातील अनेक घरांत आजी पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते आणि रद्दीबरोबर विकते, ते उगीच नाही. काही जण त्यांत रोपेही लावतात.

पण ज्या घरात पिशवी तशीच कचऱ्यात जाते, तेथून ती कोण वेचते? कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महानगरपालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. पिशवीचा परतीचा रस्ता आहे, पण तो या बाईंच्या हातांवर उभा आहे. आंबलेल्या दुधाने आणि भाजीच्या देठांनी माखलेली पिशवी त्यांनाच वेगळी करावी लागते. तीच पिशवी धुतलेली असली तर त्यांना भाव मिळतो आणि हातही स्वच्छ राहतात.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण अटींवर. पापुद्रा ५० मायक्रॉनहून पातळ नसावा आणि पिशवी परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापावी. म्हणजे बाटलीची जुनी युक्तीच पिशवीला लावण्याचा हा प्रयत्न होता. ती व्यवस्था घरोघर रुजलेली मात्र दिसत नाही.

राहता राहिला तो कोपरा. आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो चिमुकला त्रिकोण मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो. एक सें.मी. बाजूंचा हा त्रिकोण, दोन्ही पदर मिळून, भरतो जेमतेम पाच मिलिग्रॅम. शहरात रोज दहा लाख पिशव्या फुटतात असे समजू. सगळे कोपरे मिळून वजन पाच किलोदेखील होणार नाही. मग एवढी काळजी कशाला? कारण वजन थोडे असले तरी तुकडे दहा लाख आहेत! पिशवी वेचता येते, कोपरा वेचता येत नाही. तो गटारातून नदीत जातो, खतातून शेतात जातो. कुजत तर नाहीच, फक्त अधिकाधिक बारीक होतो.

यावरचा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. कोपरा पूर्ण कापू नका. छोटी चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. दूध तसेच पडते, धार थोडी वाकडी होईल इतकेच.

करून पाहा

१. घरातील रिकाम्या पिशव्या धुऊन आठवडाभर साठवा. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर दहा पिशव्या एकत्र तोला आणि एकीचे वजन काढा. आपले अडीच ग्रॅमचे उत्तर कितपत बरोबर आहे?

२. पिशवीची लांबी-रुंदी आणि हे वजन यांवरून पापुद्र्याची जाडी काढा. ती ५० मायक्रॉनच्या खाली तर नाही ना?

३. वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरी कोपरा कसा कापतात हे पाहावे. किती घरांत तुकडा सुटा होतो? महिन्याने पुन्हा मोजणी करा.

तिसऱ्या प्रयोगाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत फरक पडला, तर तो तुमच्या वर्गाने घडवून आणलेला असेल.